दारातली बिट्टी आणि नवसाचा बोकड

बिट्टीइतकं निर्लज्ज झाड मी दुसरं पाहिलेलं नाही. उन्हाळा असो, पावसाळा असो, घरात सुतक असो की बारसं, ही आपली बाराही महिने हिरवीगार आणि पिवळ्या फुलांनी नटलेली. चैत्रात आमच्या बाजूचे डोंगर भाजून काळे पडतात, ओढा आटतो, माणसांची तोंडं सुकतात, आणि ही बया कर्ण्यासारखी फुलं खाली लोंबवून दारात उभी, जणू हिच्या घरी कायमचंच लग्न. मी मूळची भोरची. तिकडे आम्ही हिला पिवळी कण्हेर म्हणायचो. पासलीच्या अंगाला, डोंगराच्या पोटातल्या या वाडीत लग्न होऊन आले आणि पहिल्याच दिवशी "काय छान कण्हेर आहे" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "बिट्टी म्हंत्यात हिला. भोरला काय म्हंत्यात ते भोरला."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. ही बिट्टी आत्यांनी लावलेली. का लावली, याचं उत्तर सरळ आहे: दुसरं काही जगेना. त्यांनी आंबा लावला, शेळीनं खाल्ला. पेरू लावला, शेळीनं खाल्ला. पंचायतीनं एकदा रोपं वाटली, त्यातली चिकू आणि सीताफळं तर शेळ्यांनी टेम्पोतून उतरवता उतरवताच चाखली. वाडीत दर घराला शेळ्या, त्यामुळे वाडीत दर घराला झाडाच्या नावानं फक्त एक खड्डा. तेव्हा आत्यांनी हट्टानं महादेवाच्या देवळामागून बिट्टीची एक बी आणून दारात पुरली. ती उगवली. शेळ्या आल्या, त्यांनी हुंगलं, आणि एखाद्या बाईनं दुसरीच्या हातची आमटी ओठाला लावून ठेवून द्यावी तसं तोंड करून गेल्या. बिट्टीत पांढरा चीक असतो, कडूजहर. झाड सगळंच्या सगळं विषारी, मूळ ते बी. आत्यांना त्याचा केवढा अभिमान. "माज्या झाडाला तोंड लावायची कुणाची टाप न्हाई," असं त्या सांगायच्या. ऐकणाऱ्याला झाडाबद्दल बोलताहेत की स्वतःबद्दल, कळायचं नाही.

त्या झाडाचा उपयोग विचाराल तर शून्य. सावली चाळणीतून पडल्यासारखी. फळ खाल तर मराल. लाकूड चुलीत घालायचं नाही, धूर वाईट. पोरं तेवढी बिया वेचून खेळतात आणि श्रावणात बायका सोमवारी महादेवाला फुलं न्यायला येतात. त्या दिवशी आत्या ओट्यावर बसून प्रत्येकीला न मागता सल्ला देतात आणि मग एक ओंजळ फुलं देतात. फुलं हवीत तर सल्ला घ्यावाच लागतो.

शनिवार-रविवारी मढे घाटाकडे जाणाऱ्या गाड्या हल्ली आमच्या वाडीपाशीही थांबतात. माणसं उतरून झाडाखाली फोटो काढतात. एकदा एक बाई मोबाईलमध्ये बघून मला म्हणाली, "अहो, हे फार विषारी आहे, घरासमोर कशाला ठेवता?"

"राहू दे हो," मी म्हटलं, "घरात याहून कडू माणसं आहेत."

मागं ओट्यावर आत्या खोकल्या. मुद्दाम.

आमचं दोघींचं असंच. त्यांना माझी भाकरी जाड वाटते, मला त्यांचं बोलणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी पाहुण्यांसमोर त्या "आमची भोरची" म्हणून ओळख करून देतात, जसं काही मी विलायतेहून उतरले. मी उलट बोलायला कमी करत नाही. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, दोघींमध्ये पडत नाहीत. भांडण सुरू झालं की त्यांना नेमकं आपल्या टेम्पोचं काहीतरी काम आठवतं.

तर एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी चालली होती आणि पेंढी उचलताना मला फुरसं चावलं. एवढंसं जनावर, करंगळीएवढं जाड, आणि माझा पाय दुपारपर्यंत भोपळा. यांनी मला टेम्पोत घातलं, आधी वेल्ह्याला, तिथून पुण्याला. पुढचं मला धड आठवत नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि सलाइनच्या बाटलीकडे बघून मी नर्सला "ताक पातळ झालंय" असं सांगत होते म्हणे.

इकडे घरी आत्यांनी काय केलं, तर अनवाणी टेकडीवर देवीच्या देवळात गेल्या आणि नवस बोलल्या. "आई, हिला परत आण. बोकड देते." झालं. मी परत आले, लंगडत का होईना. आणि माझ्या नावावर एक बोकड चढला.

वाडीनं त्यावरून माझी जी थट्टा केली तिला तोड नाही. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "एकच बोकड? आमच्या सासूनं तर म्हशीच्या दुखण्याला बी बोकडच बोलला व्हता." म्हणजे माझा आणि म्हशीचा भाव एक. मी आत्यांना म्हटलं, "निदान दोन तरी बोलायचे." त्या म्हणाल्या, "तुजा जीव केवडा, तोंड केवडं. तोंडाचा हिशेब धरला असता तर कळप द्यावा लागला असता."

सगळ्यांत खूश होते ते दादा. दादा म्हणजे माझे चुलत सासरे, शेजारच्याच घरात राहतात. देवावर त्यांची श्रद्धा गाढ, पण ती फक्त मटणाच्या देवांवर. सत्यनारायणाला कधी दिसायचे नाहीत. मी पुण्याहून आले तेव्हा मला बघायला आले, पाय बघितला, "बरं झालं गं पोरी, वाचलीस," म्हणाले आणि पुढच्याच श्वासाला, "मग जत्रेलाच का मदी एकांदा मंगळवार?"

बोकड आमच्याच शेळीचा ठरला. त्याच थंडीत जन्मलेला, काळा, कपाळावर पांढरा ठिपका. चैत्रातल्या जत्रेला तो अगदीच पिल्लू होता, तेव्हा देवीनं एक वर्ष थांबावं असं आत्यांनीच परस्पर ठरवलं. दादांना ते पटलं नव्हतं. आत्यांनी मला बजावून ठेवलं, त्याला नाव ठेवायचं नाही. कापायच्या जनावराला नाव ठेवत नाहीत, मग हात चालत नाही. मी कशाला ठेवतेय? मी त्याला "ए मेल्या" म्हणायची. "मेल्या, सोड माझा पदर. मेल्या, पिठात तोंड घालू नको." शेवटी तो त्या हाकेला ओ द्यायला लागला. वाडीच्या टोकाला असला तरी "मेल्याऽऽ" म्हटलं की धावत यायचा.

पाय अधू म्हणून मी त्या वर्षी शेतावर कमी जायची, घरीच असायची. मग त्याचा पाला, त्याचं पाणी, त्याची खरूज, सगळं माझ्याकडे. ज्याच्या गळ्यावर आपल्यापायी सुरी फिरणार त्याला स्वतःच्या हातानं चारायचं, हे काम कसं असतं ते ज्याचं त्यानं करून बघावं. मला राग यायचा. देवीचा, आत्यांचा, त्या फुरशाचा. आणि मेल्याचा तर सगळ्यांत जास्त, कारण तो मला बघून आनंदानं उड्या मारायचा. अक्कल म्हणून नाही.

दुसऱ्या वर्षी शिमगा झाला, जत्रा तोंडावर आली. दादा येता-जाता बोकडाच्या पाठीवर हात फिरवून वजनाचा अंदाज घेऊ लागले. आणि तेव्हाच लाईटचा वायरमन आला. बिट्टीच्या फांद्या तारेला लागत होत्या. त्यानं शिडी लावून सटासट छाटल्या आणि अंगणात ढीग टाकून निघून गेला. आत्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. परड्यात आमचा मेथीचा वाफा होता. मोरीच्या पाण्यावर जगवलेला, वाडीतला तेवढाच एक हिरवा तुकडा. मेल्याचा त्याच्यावर डोळा. आत्या म्हणाल्या, "ह्याच फांद्यांचं कुंपण करू. बिट्टीला शेरडू तोंड लावत न्हाई."

हे वाक्य आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. आम्ही दोघींनी फांद्या रोवल्या, आडव्या गुंफल्या. छान दाट कुंपण झालं. मेल्या आला, हुंगलं, शिंकला आणि परत गेला. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की भोरला असलं काही शिकवतात का?

पण कुंपणाला मूळ नव्हतं. फाल्गुनाचं ऊन ते. पानं मलूल झाली, मग करपली, मग कुरकुरीत वाळली. आमच्यापैकी कुणी त्याकडे बघितलं नाही. बिट्टी म्हणजे बिट्टी. हिरवी काय, वाळली काय.

दुपारची जेवणं झाली होती. मी भांडी घासायला परड्यात गेले, तर मेल्या वाफ्यापाशी उभा. मेथी जागच्या जागी होती, एक पान हललेलं नव्हतं. कुंपण मात्र एका अंगानं साफ झालं होतं, नुसत्या काड्या. मेल्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि पुढचे पाय असे थरथरत होते की जणू अंगात आलंय. मी हाक मारली. तो माझ्याकडे यायला निघाला, आणि दोन पावलांवर बसला.

मी जी किंचाळले ती वाडीच्या टोकापर्यंत गेली.

आत्या आल्या. एक नजर कुंपणावर, एक बोकडावर. आणि मग त्यांनी जे केलं ते मला आधी कळलंच नाही. त्या बोकडाकडे गेल्याच नाहीत. सरळ माझ्यापाशी आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"तुला कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय? बोकड बघा आधी!"

"पाय दुकतोय का? त्यो चावलेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाडीतली समजूत अशी, की नवसाचं जनावर देवीला पोचायच्या आत आपल्या मरणानं मेलं, तर देवीला दिलेलं देवीला मिळालं नाही. मग ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यालाच ती परत बोलावते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. दिवसाउजेडी तर अजिबात नाही. पण आत्यांचा होता. त्या बाईच्या लेखी त्या परड्यात बोकड मरत नव्हता, मी मरत होते. आणि कुंपणाची कल्पना त्यांची होती.

हे गाडी घेऊन वेल्ह्याकडे सुटले, गुरांच्या डॉक्टरांना आणायला. फोन लावावा तर रेंज टेकडीवर. तोवर अख्खी वाडी आमच्या परड्यात गोळा. कुणी म्हणे ताक पाजा, कुणी म्हणे गूळ, कुणी म्हणे चिंचेचं पाणी. एकीनं दृष्ट काढली. आणि दादा पुढं आले. धोतराचा सोगा आवरत, आवाज खाली आणून, अगदी देवाधर्माचं बोलावं तसे म्हणाले, "वयनी, माझं ऐका. जीव हाय तवर देवीकडं तोंड करून उरकून घिऊ. म्हंजी नवस बी फिटंल, आन..."

"आन काय?" आत्या म्हणाल्या.

"आन वाया बी जायचं न्हाई."

"वाया! इख खाल्लेलं मटान खाशीला? खा! खा आन मर! तुज्या नावानं दुसरा बोकड बोलते मग!"

दादांना दीर म्हणून मान देऊन बोलणाऱ्या आत्या त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर आल्या. दादा गप मागं सरकले. पण गेले नाहीत. काय होतंय ते बघायचं होतं.

डॉक्टर आले. तरुण होते, घामानं डबडबलेले. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, कुंपण बघितलं, एक वाळलेलं पान चुरगाळून हुंगलं. "हिरवं असताना कडू लागतं म्हणून खात नाहीत," ते म्हणाले. "वाळलं की कडूपणा जातो. विष जात नाही." एवढंच. आत्या खाली बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी खाली बघायला लावलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो काही झाला नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. चुलीतला लाकडी कोळसा बारीक वाटून पाण्यात कालवून पाजायला सांगितला, तो विष धरून ठेवतो म्हणाले. आणि म्हणाले, "याच्या काळजावर ताण आहे. उठवू नका, पळवू नका, दचकवू नका. इथे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही."

आमच्या वाडीत! जिथं माणसं शेजारणीला मीठ मागताना ओढ्यापलीकडे ऐकू जातं, तिथं गप्प बसायचं. पण बसली हो सगळी. बायका तोंडाला पदर लावून खुणांनी बोलायला लागल्या. एका म्हाताऱ्याला खोकला आला, तर त्याला चौघांनी उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं. कोंबड्या हुसकल्या. कुणाच्या तरी मोबाईलवर गजराची हलगी वाजली आणि त्या माणसाकडे सगळ्यांनी असं बघितलं की त्यानं मोबाईल काढून पाण्याच्या बादलीतच टाकला. बिचारा.

मी पाट्यावर कोळसा वाटला. आत्यांनी बोकडाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी नळकांड्यानं काळं पाणी हळूहळू त्याच्या गालात सोडलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले. मी कानाशी "मेल्या, मेल्या" म्हणत होते. पाजून झालं. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. आत्यांनी तो तांब्या उचलला आणि माझ्या पुढं धरला.

"तू बी घे."

"आत्या, मी काही खाल्लेलं नाही."

"घे म्हंते ना."

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"म्हून तर. हुयाच्या आदी घे."

एरवी मी भांडले असते. पण डॉक्टरांनी आवाज काढायचा नाही सांगितलेलं. आणि आत्या तांब्या खाली ठेवेनात. ज्या बाईनं नवऱ्याच्या तेराव्याला चाळीस माणसांचा स्वयंपाक डोळ्यांतून टिपूस न काढता केला, ती माझ्या ओठांना तांब्या लावायला बघत होती. मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. कोळशाला काही चव नसते. नुसती कचकच. डॉक्टरांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं, पण शहाणा माणूस, आपली पेटी आवरायला लागले. माझे दात, जीभ, ओठ, सगळं काळंठिक्कर. त्या शांततेत समोरच्या बायका पदराआड गदगदून हसत होत्या. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग त्याच पदरानं बोकडाचं.

ऊन उतरेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. एक हात बोकडाच्या छातीवर, दुसऱ्या हातात माझं मनगट. दिवेलागणीला मेल्यानं मान उचलली, कान हलवला आणि आत्यांच्या मांडीवर यथेच्छ लेंड्या टाकल्या. सगळी वाडी एकदम ओरडली. डॉक्टरांचं कोण ऐकतंय मग.

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, झाड तोडा. हे कुऱ्हाड घेऊन उभेसुद्धा राहिले. आत्या आडव्या आल्या. "झाडानं काय केलं? ते व्हतं तिथंच उभं हाय. तोडलं आपन, रोवलं आपन." म्हणजे "मी" म्हणणं जड गेलं, "आपण" म्हणाल्या. तेवढंही पुष्कळ.

आता प्रश्न जत्रेचा. दादांनी वेल्ह्याला जाऊन डॉक्टरांना गाठलं होतं आणि अगदी खोदून खोदून विचारून आले होते, की जत्रेत याचं मटण खायला हरकत नाही ना. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. पण आत्या बोकडाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या, पुन्हा बोकडाकडे. एकदा भाकरी खाता खाता म्हणाल्या, "त्या दिशी दोगांची तोंडं पुसली म्या. एकाच पदरानं." आणि ताट सारून उठल्या.

मग त्यांनी ठरवलं, देवीलाच विचारायचं. आमच्याकडे कौल लावतात. देवीच्या शेंदरी तांदळ्याला, म्हणजे त्या गोल दगडाला, ओलं करून उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक फूल चिकटवायचं, मनातलं बोलायचं आणि बघत बसायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. देवी हो म्हणाली तर बोकड कापायचा नाही, तिच्या नावानं सोडून द्यायचा. देवाला सोडलेलं जनावर मोकळं फिरतं, त्याला कुणी हात लावत नाही.

आत्यांनी कौलाला नेली ती बिट्टीची फुलं. गुरव म्हणाला, "मावशे, ही तर म्हादेवाची."

"मग? नवरा-बायकूत तुजं-माजं असतंय व्हय?"

गुरवानं फुलं लावली. मी ताट धरून आत्यांच्या मागं. दाराशी दादा आणि निम्मी वाडी. बिट्टीचं फूल गुळगुळीत आणि जड, फार वेळ टिकत नाही. डावं पडलं.

दादांनी हात जोडले.

"वाऱ्यानं पडलं," आत्या म्हणाल्या.

"गाभाऱ्यात कुठला वारा, मावशे?"

"परत लाव."

परत लावलं. परत डावं. दादांनी या वेळी डोळेही मिटले. आत्यांनी पदर खोचला. एस.टी.च्या कंडक्टरशी बोलावं तशा देवीशी बोलल्या, "तुजं काय म्हननं हाय? मी काय फुकट मागती? आयुष्यभर तुजा मंगळवार केला. ह्यो दारात हुबा हाय त्याचं ऐकू नगंस, त्येला मटान पायजे. परत लाव रं."

गुरवानं मुकाट्यानं तिसऱ्यांदा फुलं लावली. या वेळी आत्या वाट बघत थांबल्या नाहीत. पुढं झाल्या आणि देवीच्या दगडाला कपाळ टेकलं. मी अगदी मागं होते म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही.

"घ्यायचंच असंल तर मला घे. म्हातारं हाड हाय, पर घे. हिला मोकळी कर. त्येला बी सोड. दोगांच्या बदली मी हाय."

त्यांनी मान उचलली तेव्हा उजवं फूल खाली पडलेलं होतं. आपोआप पडलं की आत्यांच्या कपाळाचा धक्का लागला, ते देवीला माहीत. गुरव म्हणाला, "झाला बाई होकार," आणि पटकन घंटा वाजवली. चौथ्यांदा लावायची त्याची तयारी नव्हती.

घरी येताना वाटेत त्या माझ्या चालण्याला नावं ठेवत होत्या आणि मी ऐकून घेत होते. त्यांना वाटलं मला थकवा आला असेल.

मेल्या आता देवाचा आहे. कान किंचित कापलेला, कपाळाला भंडारा. आणि देवाचा झाल्यापासून त्याला जो माज चढलाय! वाडीतल्या कुठल्याही वाफ्यात शिरतो. दादांची वांगी तर त्याची खास आवडती. दादा काठी उगारतात आणि मग ती तशीच हवेत धरून उभे राहतात, कारण देवाच्या बोकडाला मारायचं कसं? दुपारी बिट्टीखाली बसतो. वरून फुलं पडतात, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. मीच रोज वाळलेलं पान न पान झाडून चुलीत नाही, लांब खड्ड्यात टाकून येते.

या पावसाळ्यात एक दिवस तो शिंकला. एकदा, दोनदा, मग खोकायला लागला. नाक गळत होतं. शेळ्यांना पावसाळ्यात होतंच ते. मी भाकरी थापत होते. हात तसाच पिठाचा, उठले आणि धावले. बोकडाकडे नाही. ओट्यावर आत्या घोंगडी पांघरून बसल्या होत्या, त्यांच्या कपाळाला हात लावला. पीठ लागलं सगळं त्यांच्या कपाळाला.

"काय गं?"

"बोकड शिंकला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चांगल्या बघत राहिल्या. बाहेर मेल्या पुन्हा खोकला.

"देवळात ऐकलं व्हतंस व्हय तू?"

"हो."

"कानं लई लांब तुजी. भोरची." घोंगडी सारखी करत त्या म्हणाल्या. मग चुलीकडे बोट करत, "मला काय हुतंय? चूल इझंल तिकडं, जा."

मी गेले. पण भाकरीकडे नाही. चुलीतून एक विझलेला कोळसा काढला, पाट्यावर वाटला, तांब्यात पाणी घेऊन कालवला आणि आणून त्यांच्या पुढं धरला. मला वाटलं आता तांब्या अंगणात भिरकावतील. आमचे हे दारात उभे होते, त्यांना टेम्पोचं काम आठवायला लागलेलं मला दिसत होतं.

आत्यांनी तांब्या घेतला. "निम्मं तू घे आदी," म्हणाल्या. मी प्यायले. उरलेलं त्यांनी एका दमात संपवलं, तांब्या पालथा घातला आणि काळ्या दातांनी हसल्या.